पॉइंट चौसष्ट

मीटरच्या झाकणात, आतल्या बाजूला,
ओतेगेनने निळ्या पेनानं लिहून ठेवलंय: × ०.६४
तो निवृत्त झाला, नुकुसला लेकीकडे राहायला गेला.
गुणक मागे राहिला.

चिंबायहून निघालो तेव्हा काचेवर बर्फाची साय.
पाराखात गाडी चालवताना बोलत नाही,
सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडतो.
दोन्ही अंगांना शेतं पाण्याखाली,
पीक नाही, पेरणीही अजून लांब.
इकडे हिवाळा सरताना जमीन धुतात,
चादर धुवावी तशी, दोनदा, तीनदा,
मीठ सुटेपर्यंत,
आणि धुवण सोडतात चरात.
चर पुढे कुठे जातो
ते आमच्या खात्यात येत नाही.

कोकसू. म्हणजे निळं पाणी.
तीन विहिरी, एक हातपंप.
पेला त्याच पाण्यानं तीनदा विसळते,
मग दांडी बुडवते.
धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये सेंटिमीटरभर पाणी,
त्यातून जाते एवढीशी वीज,
मुंगीलाही जाणवणार नाही अशी.
निव्वळ पाणी तिला वाट देत नाही.
वाट देतं ते त्यात विरघळलेलं कुणीतरी.
पाणी अकरा अंशांवर आहे.
मीटर ते मनातल्या मनात पंचविसावर नेतो
आणि सांगतो: दोन हजार नऊशे.

गुणिले पॉइंट चौसष्ट.
अठराशे छप्पन्न.
आमच्या कोष्टकात दोन हजारांच्या आतलं ते पिण्याचं.
मी वहीत बरोबरची खूण करते.

"चहात दूध फाटतं," उलबोसिन म्हणते.
तिच्या नावाचा अर्थ 'आता मुलगा होवो'.
तिच्या पाठीवर आणखी दोन बहिणी आल्या.
अंदाज या गोष्टीबद्दल तिचं स्वतःचं मत आहे.
"मचूळ आहे. दोन वर्षांपूर्वी नव्हतं इतकं."
मी तिला आकडा दाखवते.
ती मला कप दाखवते.

तिचा नातू आयतुवार पेल्यात साखरेचा खडा टाकतो.
ढवळतो. आकडा जागचा हलत नाही.
मग चिमूटभर मीठ. आकडा उडी मारतो.
"साखर विरघळली नाही का?"
विरघळली रे.
"मग ह्याला कळलं कसं नाही?"

संध्याकाळी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.
रिकाम्या बशीचं वजन केलं, चार दशांश स्थळांपर्यंत.
कोकसूचं शंभर मिलिलिटर गाळून तीत ओतलं,
वाफेवर आटवलं,
मग भट्टीत, एकशे ऐंशी अंशांवर.
घरून मुलाचा दोनदा फोन आला,
उत्तर दिलं: होतंय, होतंय.
बशी निवली. तळाशी एक पांढरट कडा,
नखानं खरवडली तर नखात मावेल.
दोनशे बत्तीस मिलिग्रॅम.
लिटरला दोन हजार तीनशे वीस.

भागून पाहिलं. पॉइंट ऐंशी.

ओतेगेनचं चुकलं असं नाही म्हणता येत.
त्याचा गुणक कुठल्यातरी दुसऱ्या पाण्याचा होता,
साध्या मिठाच्या, चपळ पाण्याचा.
इथल्या मातीत जिप्सम.
त्याचे कण अंगानं जड, एकमेकांना धरून बसणारे,
वजन पुरेपूर, वीज वाहायची म्हटलं की सुस्त.
दांडी विचारते, कोण कोण चालतंय?
बसलेल्यांनी हात वर केला नाही.

आणि अशी किती गावं,
किती बरोबरच्या खुणा, माझ्याच हातच्या,
सहा वर्षं.

पट्टीवर, ०.६४ च्या खाली, पेन्सिलीनं लिहिलं:
कोकसू, ०.८०. बाकीची तपासायची.
खूण खोडली. खोडताना कागद थोडा फाटला.

सकाळी उलबोसिनला फोनवर आकडा सांगितला.
ती "हं" म्हणाली, जिभेवर आधीपासून असलेली गोष्ट
कुणी लेखी द्यावी तसं.
मग म्हणाली, "बरं, आणि आज चहा कशाचा करू?"

पाराखात दारात उभा होता, ऐकत.
काही न बोलता मागे गेला
आणि डिकीत रिकामे कॅन टाकू लागला,
पत्र्यावर प्लास्टिक आपटल्याचे चार आवाज.